कल्चर रिपोर्टवरचं अनोळखी नाव

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

या वेळच्या बऱ्याच पत्रांसोबत एकच गोष्ट जोडलेली होती: ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू उगवतो का, हे पाहणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्यावर घरात कुणीच कधी न ऐकलेलं नाव. असं नाव दिसलं की ‘किती भयंकर आहे?’ आणि ‘यावर औषध आहे ना?’ हे दोन प्रश्न लगेच येतात. आमच्या मते तिसराही तितकाच महत्त्वाचा: हा जंतू आला कुठून? ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्टॅफ हे नेहमीचे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच आतड्यातून, लघवीच्या मार्गातून किंवा त्वचेवरून रक्तात शिरतात. अनोळखी नावाच्या पुष्कळ जंतूंचा मुक्काम मात्र बाहेर असतो. नळ, सिंकचा पाइप, चिखल, कधी चक्क औषधाची बाटली. धडधाकट माणसाच्या वाटेला ते फारसे जात नाहीत. डायलिसिस, केमोथेरपी, अपुऱ्या दिवसांचं बाळ, काढलेली प्लीहा, अनेक वर्षांचा मधुमेह, अशा ठिकाणी त्यांचं फावतं.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. आठवड्यातून तीनदा मानेजवळच्या परमकॅथमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) डायलिसिस होतं. मागच्या दोन्ही खेपांना मशीन सुरू होऊन तासाभरात हुडहुडी भरून ताप आला. कल्चरमध्ये ‘बर्कहोल्डेरिया सेपाशिया कॉम्प्लेक्स’ आलंय. डॉक्टर म्हणतात पाण्यातला जंतू आहे. आमच्याकडे तर पाणी उकळून, गाळूनच पितात. मग हे कसं झालं? – एक वाचिका, मांजलपूर

प्यायच्या पाण्याला दोष देऊ नका. हा जंतू पोटातून रक्तात गेला असण्याची शक्यता फारच कमी. त्याला रक्तापर्यंत सरळ वाट लागते आणि परमकॅथ म्हणजे तीच वाट. मशीन सुरू झाल्यावरच थंडी वाजते, हीसुद्धा खूणच आहे. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर धरलेला असतो आणि रक्ताचा प्रवाह जोरात सुरू झाला की त्यातले जंतू सुटून रक्तात मिसळतात.

डायलिसिसच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिली द्रव फिरतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. तो आरओच्या पाण्यापासून बनतो. रक्त आणि हा द्रव यांच्यामध्ये डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा, पडदा असतो. पडदा धड असेल तर जिवंत जंतू पलीकडे जात नाहीत. जंतूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, मात्र जाऊ शकतात. नुसत्या एंडोटॉक्सिनने थंडी-ताप आला तर कल्चर कोरं राहतं. तुमच्याकडे जंतू उगवला आहे, तेव्हा तो रक्ताच्या बाजूनेच शिरला असणार.

त्या बाजूला संशयाच्या तीन जागा आहेत. पहिली, पुन्हा वापरलेला डायलायझर. खर्च वाचवण्यासाठी तो धुऊन, पेरासेटिक ॲसिड किंवा फॉर्मलिन भरून त्याच रुग्णासाठी ठेवतात. धुण्याचं पाणी खराब असेल किंवा ॲसिड पातळ पडलं असेल तर जंतू आतच वाढतो. दुसरी, नळी जोडताना ओल्या हाताचा झालेला स्पर्श. तिसरी जागा लोकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे अनेकांसाठी वापरली जाणारी बाटली. हेपरिनची व्हायल, पातळ करून ठेवलेलं अँटिसेप्टिक. बर्कहोल्डेरिया बेन्झाल्कोनियम क्लोराइडमध्ये आणि पातळ क्लोरहेक्सिडिनमध्येही तग धरतो. अर्धी संपलेली बाटली न धुता वरून पुन्हा भरायची सवय जिथे आहे, तिथे जंतुनाशकाच्या बाटलीतच जंतू पोसला जातो.

औषधाबद्दल. या जंतूवर जेंटामायसिन, अमिकासिन आणि कोलिस्टिन हे जात्याच चालत नाहीत. कोट्रायमोक्साझोल, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम, मिनोसायक्लिन यांतलं काय चालेल ते रिपोर्टवरून ठरतं. किडनीच्या रुग्णात कोट्रायमोक्साझोलने पोटॅशियम चढतं, म्हणून डोस कमी ठेवून तपासण्या कराव्या लागतात. आणि नळी तशीच ठेवून नुसती इंजेक्शनं देत राहिलं तर इंजेक्शनं थांबताच ताप परत येण्याची शक्यता मोठी. नळी काढणं किंवा बदलणं टाळू नका. दोन-तीन दिवसांनी कल्चर पुन्हा करून ते कोरं आल्याची खात्री करा.

युनिटच्या प्रमुखांना शांतपणे, लेखी विचारा: आरओच्या पाण्याची जंतुतपासणी शेवटची कधी झाली? ती दर महिन्याला व्हावी अशी अपेक्षा आहे. आकडा मिलीलिटरला १०० जंतूंच्या आत आणि एंडोटॉक्सिन ०.२५ युनिटच्या आत हवं. ५० जंतू दिसले की उपाय सुरू करायचे असतात. डायलायझर लावण्यापूर्वी त्यात ॲसिड पुरेसं होतं का आणि धुतल्यावर उरलेलं नाही ना, या दोन्ही गोष्टी पट्टीने तपासतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, याच महिन्यात दुसऱ्या कुणाच्या रक्तात हाच जंतू आलाय का? दोघांत तो निघाला तर योगायोग म्हणून सोडून देऊ नये.

घरी ड्रेसिंग कोरडं ठेवा, डोक्यावरून अंघोळ नको, टोपण घरी कुणीही उघडायचं नाही. नळी जोडताना-काढताना सासूबाई आणि नर्स दोघींच्याही तोंडाला मास्क हवा. फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडून केलेली डायलिसिसची जागा) करता येण्यासारखी असेल तर तो निर्णय लांबवू नका.

प्रश्न : वडिलांच्या चारपैकी एका बाटलीत ‘मायक्रोकोकस’ उगवला. ताप तर दुसऱ्याच दिवशी गेला. तरी १४ दिवस इंजेक्शनं घ्यायची का? – एक वाचक, दांडिया बझार

बहुतेक नाही, पण निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मायक्रोकोकस, कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम ही मंडळी कातडीवर राहतात. सुई टोचताना ती बाटलीत जातात आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो. चारपैकी एकाच बाटलीत, तेही चोवीस तासांनंतर उगवला आणि रुग्ण बरा दिसतोय, तर ती भेसळ धरतात. कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा मोठ्या शिरेतली नळी असेल तर मात्र हाच जंतू गंभीरपणे घ्यावा लागतो. मग कल्चर पुन्हा करायचं.

ही भेसळ टाळणं अवघड नाही, नुसती घाई नडते. रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचं. दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन सेट, म्हणजे चार बाटल्या. ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावून ३० सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. पुसल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही; भेसळीचं एक नेहमीचं कारण हेच. बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक असतं असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नसतं, तेही अल्कोहोलने पुसावं लागतं. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. रक्तात जंतू फार विरळ असतात, २-३ मिलीत खरा जंतूसुद्धा हाती लागत नाही. रक्त कमी निघालं तर आधी एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठीची) बाटली भरायची. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, दोन तासांत लॅबमध्ये पोचवायच्या.

प्रश्न : बायकोची केमो चालू आहे, दंडात पिक लाइन (शिरेतून आत मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी) आहे. रात्री ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायला हरकत आहे का? – एक वाचक, सुभानपुरा

हरकत आहे. एकदा १०१ किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट भरला की निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या खाली असताना पू होत नाही, लाली येत नाही, ताप हीच काय ती खूण. क्रोसिन देऊन तीच पुसायची नाही. शौचाच्या जागी थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा पूर्ण वर्ज्य.

दवाखान्यात पोचताच ‘केमो चालू आहे, लाइन आहे, शेवटची सायकल अमुक तारखेला’ हे पहिल्या वाक्यात सांगा. केमोची फाइल दाराजवळच टांगून ठेवा. एक कल्चर लाइनमधून आणि एक हातातून, एकाच वेळी आणि सारख्याच मापाने घ्यायला सांगा. लाइनमधली बाटली हातातलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर जंतूचं घर लाइनमध्ये आहे असं धरतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा, रिपोर्टची वाट पाहायची नसते.

लाइनचं टोक प्रत्येक वेळी अल्कोहोलने १५ सेकंद घासून, वाळवूनच वापरायचं. फ्लश, म्हणजे नळी आतून धुणं, १० मिलीच्या सिरिंजनेच. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचं असेल तर दोन दिवसांनी बदलायचं. सुटलं किंवा ओलं झालं तर लगेच.

प्रश्न : अँटिबायोटिकने पोट बिघडतं म्हणून मेडिकलवाल्याने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. आयसीयूतल्या आत्याला नळीवाटे दिल्या तर चालतील ना? – एक वाचिका, कारेलीबाग

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. या कॅप्सूलमध्ये कोट्यवधी जिवंत सूक्ष्मजीव असतात: लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस क्लॉसाय किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट. अशक्त रुग्णांच्या रक्तात हेच सूक्ष्मजीव सापडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पलंगाशेजारी कॅप्सूल फोडली की पूड हवेत उडते, हाताला लागते आणि तोच हात सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेतल्या नळीला) लागतो. यीस्टच्या बाबतीत तर शेजारच्या पलंगावरचा रुग्णही सुरक्षित राहत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इशारा दिला होता. आत्याबाईंना जुलाब सुरू झाले असतील तर त्यांचं कारण शोधणं जास्त उपयोगाचं.

प्रश्न : पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं. बाबांनी (५९, मधुमेह) दोन दिवस अनवाणी गाळ उपसला. दहा-बारा दिवसांनी ताप आणि खोकला. कल्चरमध्ये ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ लिहून आलं. तीन आठवडे झाले, औषधं बदलून झाली, आता टीबीचा कोर्स सुरू करू म्हणतायत. – एक वाचक, समा

टीबीच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी एका शब्दाची शक्यता डॉक्टरांपुढे ठेवा: मेलिऑइडोसिस. जंतू बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय. वर डायलिसिसच्या प्रश्नात आला त्याचाच चुलतभाऊ, पण स्वभावाने कितीतरी जहाल. माती आणि साचलेलं पाणी हे त्याचं घर. पायाच्या भेगांतून, ओरखड्यातून किंवा श्वासातून आत जातो, आणि मधुमेही हे त्याचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. लागण झाल्यापासून बहुतेकांना तीन आठवड्यांच्या आत त्रास सुरू होतो, क्वचित कैक महिन्यांनी. आपल्या देशात कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, तमिळनाडू इथून याच्या नोंदी जास्त येतात. तिथे लोक तो शोधतात म्हणून सापडतो, हेही त्यामागचं एक कारण. २०१९ आणि २०२४ च्या पुरानंतर बडोद्यात घराघरांतून जो चिखल निघाला, तो अनवाणी उपसणारे मधुमेही थोडेथोडके नव्हते.

रोग नवा नाही. १९१२ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. तरीही तो निसटतो, कारण लॅबमध्ये तो साध्या स्यूडोमोनाससारखा दिसतो आणि छातीच्या फोटोत टीबीसारखा.

रिपोर्टमधला औषधांचा तक्ता काढून बघा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ‘रेझिस्टंट’, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्ह ‘सेन्सिटिव्ह’ असं असेल तर साधा स्यूडोमोनास असा वागत नाही. हा तक्ता घेऊन मायक्रोबायोलॉजिस्टना भेटा आणि पुराचा गाळ, मधुमेह, तारखा, सगळं सांगा. जंतू अजून जपून ठेवलेला असेल तर तो पुन्हा तपासता येतो. नुसतं ‘स्पीशीज’ लिहिलेल्या रिपोर्टवर समाधान मानू नका, पूर्ण नाव मागा. पोटाची सोनोग्राफी किंवा सीटीही करायला सांगा. यकृतात, प्लीहेत आणि पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये गळवं लपलेली असतात. एकदा रक्ताचं कल्चर कोरं आलं तरी रोग नाही असं होत नाही. थुंकी, लघवी, गळवातला पूसुद्धा पाठवावा लागतो.

निदान पक्कं झालं तर उपचार दोन टप्प्यांत होतात. आधी सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान १० ते १४ दिवस. गळू खोलवर असेल तर त्याहून बरंच जास्त. मग कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. घोळ इथे होतो: ताप गेला, भूक लागली, माणूस दुकानावर जायला लागला की गोळ्या सुटतात आणि रोग उलटतो. या काळात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहायचं, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवायचं. घरात एकाचं दुसऱ्याला होत नाही, म्हणून ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

पुढच्या वर्षी गाळ काढायची वेळ आली तर मधुमेह, लिव्हर किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी हात लावायचाच नाही. नाइलाज असेल तर गमबूट, रबरी हातमोजे, जखमेवर पाणी न झिरपणारी पट्टी. लिव्हर सिरॉसिस असलेल्यांना गोड्या पाण्यातल्या एरोमोनासचाही धोका असतो. पायाला सूज, जांभळे फोड आणि काही तासांत ढासळणारी तब्येत. तिथे दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबता येत नाही.

प्रश्न : मुलीचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १.२ किलो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) त्याच्या रक्तात ‘एलिझाबेथकिंगिया’ सापडला. आईच्या दुधातून आला असेल का? – एक आजी, वाडी

आजी, लेकीला आधी सांगा की ही तिची चूक नाही. हा जंतू ओल्या जागांत असतो, नळाच्या तोटीत, सिंकच्या जाळीखाली, ह्युमिडिफायरच्या पाण्यात. एलिझाबेथ किंग या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये तो बाळांच्या मेंदूज्वरातून ओळखला, २००५ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं.

मेंदूज्वराचीच यात मोठी भीती असते. म्हणून डॉक्टर पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायचं म्हणाले तर नाही म्हणू नका. औषधाची निवड आणि मुदत त्यावरच ठरते. मेंदूला लागण असेल तर मुदत काही आठवड्यांची होते. एनआयसीयूत नेहमी हाताशी असलेली मेरोपेनेम आणि कोलिस्टिन या जंतूवर सहसा चालत नाहीत. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, लेव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, व्हॅन्कोमायसिन अशांची जोडी डॉक्टर रिपोर्ट बघून लावतात. पुढे डोक्याची सोनोग्राफी पुन्हापुन्हा होईल, कारण मेंदूत पाणी साचू शकतं. घरी सोडण्यापूर्वी कानांची तपासणी झाली का, हे आठवणीने विचारा.

दूध चालूच ठेवा. पंपाचे सुटे भाग मात्र वॉर्डच्या सिंकमध्ये टाकायचे नाहीत. त्यासाठी वेगळं पातेलं ठेवा. साबण आणि गरम पाण्याने धुऊन, पाच मिनिटं उकळून, स्वच्छ टॉवेलवर हवेत वाळवा. फडक्याने पुसू नका. दूध काढायची-भरायची जागा सिंकपासून निदान मीटरभर लांब हवी, तिथवर शिंतोडे उडतात. बाळाला हात लावण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या काढून हँडरब, आजोबांनासुद्धा.

प्रश्न : काकांना आयसीयूत दहा दिवस ‘सगळ्यात स्ट्राँग’ मेरोपेनेम दिलं. तरी नंतर ‘स्टेनोट्रोफोमोनास’ कसा आला? – एक वाचक, निझामपुरा

‘तरी’ नव्हे, बऱ्याच अंशी त्यामुळेच. या जंतूजवळ मेरोपेनेम फोडणारं विकर (एन्झाइम) जन्मजात असतं. त्या औषधाने बाकीचे जंतू साफ झाले की मोकळी जागा याला मिळते. यावर जुनी, स्वस्त औषधं कामाला येतात: कोट्रायमोक्साझोल, मिनोसायक्लिन, लेव्होफ्लॉक्सासिन. किमतीवरून अँटिबायोटिकची ताकद ठरवायची आपली सवय इथे सपशेल फसते. सेंट्रल लाइन असेल तर तीही काढावी लागते.

प्रश्न : थॅलेसेमियामुळे मुलाची (१४) प्लीहा काढली आहे. घरात कुत्रा पाळावा का? – एक आई, वारसिया रोड

आमचं मत: नवा आणू नका. असलेला काढून टाकायची सक्ती आम्ही करणार नाही, पण जखम चाटू द्यायची नाही. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू असतो. प्लीहा नसलेल्या माणसात तो एका दिवसात बीपी पाडू शकतो आणि कल्चरमध्ये उगवायला मात्र कित्येक दिवस लावतो. चावा किंवा नुसता ओरखडा झाला तरी १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा, रेबीजची लस घ्या आणि त्याच दिवशी अँटिबायोटिकसाठी डॉक्टर गाठा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसींच्या नोंदी तपासून घ्या.

मुलाला लोह उतरवायला डेसफेरिऑक्सामिनचा पंप लागतो का? मग यर्सिनियाही माहीत हवा. त्याला लोह हवं असतं आणि हे औषध ते त्याच्यापर्यंत आयतं पोचवतं. ताप आणि उजव्या बाजूला पोटात दुखत असेल तर पंप बंद करून लगेच दाखवा; अपेंडिक्स समजून फसगत होते. हा जंतू फ्रिजच्या ४ अंशांतही वाढतो, म्हणून क्वचित साठवलेल्या रक्ताच्या पिशवीतही सापडतो. रक्त चढताना हुडहुडी भरली तर नर्सला ताबडतोब रक्त थांबवायला सांगा. शिरेतली सुई काढायची नाही, चालू ठेवायची; पिशवी फेकायची नाही. तिच्यातल्या रक्ताचंही कल्चर करायचं असतं.

प्रश्न : सासऱ्यांच्या रक्तात ‘स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस’ आला. इंजेक्शनांनी बरे झाले. तरी डॉक्टर कोलोनोस्कोपी करायला सांगतात. पैसे काढायचा प्रकार वाटतो. – एक वाचक, अलकापुरी

नाही, बरोबर सांगतात. हा जंतू, जुनं नाव स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस, मोठ्या आतड्यातल्या गाठीशी आणि कॅन्सरशी जोडलेला आहे. गाठीच्या जागी आतड्याचं अस्तर कमजोर होतं आणि तिथून तो रक्तात शिरतो. त्याला हृदयाच्या झडपेवर बसायचीही खोड आहे, म्हणून इकोही झाला पाहिजे. कोलोनोस्कोपी येत्या काही आठवड्यांत करून घ्या. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करायचं औषध सांगितलेल्या मापाने पूर्ण प्यायला लावा. ते अर्धवट घेतलं तर आतडं नीट दिसत नाही आणि तपासणी परत करावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांबद्दल आधीच विचारून ठेवा.